माझी सही तेवढी दाखवा

आमच्या घरामागे पवनचक्की येणार होती, लेकीच्या पाळण्यावर पात्यांची सावली पडेल इतकी जवळ. म्हणे साऱ्या गावानं संमती दिली होती! मी सही केली नव्हती, निदान तसं वाटत होतं. लेक झाल्यापासून माझा स्वतःवरच भरवसा नाही. संमतीपत्रं पाहायला गाव कचेरीत गेलं, आणि शिकलेली म्हणून मलाच पुढे ढकललं.

फाईल सांभाळणारे खासनीस साहेब हसले. "ताई, त्यात लोकांच्या सह्या आहेत. दुसऱ्याची खासगी माहिती दाखवता येत नाही."

तेही खरंच. मी लेकीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं, आणि सुचलं.

"मग दुसऱ्याचं नको, साहेब. माझी सही तेवढी दाखवा. ती माझ्यापासून कशी खासगी असेल?"

साहेबांनी फाईल दोनदा चाळली. "तुमची दिसत नाही."

"तेवढंच लिहून द्या."

"एका सहीनं काय फरक पडतो?" म्हणत त्यांनी लिहून दिलं.

लगेच जाऊबाई पुढे सरकल्या. "आता माझी शोधा."

त्यांच्यामागची रांग पार जिन्याखाली गेली होती. साहेबांनी ती पाहिली आणि अख्खी फाईलच आमच्याकडे सरकवली.