बंद पोटाची साळुंकी

एका राज्यात लाकूड बोलत असे. सगळंच नव्हे, नाहीतर बसणाऱ्याला पाटानेच चार शब्द सुनावले असते. बोलत त्या फक्त यंत्रशाळेतल्या शिसवी साळुंक्या. एका गावचा निरोप घ्यावा, दुसऱ्या गावी उडून जावं आणि जसाच्या तसा सांगावा, हे त्यांचं काम. सासरी गेलेल्या लेकीचं हसूही त्या हुबेहूब माहेरी पोचवीत.

ही विद्या विरोचन जादूगाराची. मरतेवेळी त्याने साळुंक्यांची पोटं लाखेने बंद केली आणि शाप दिला, "परक्याची नजर या पोटात पडेल, त्या दिवशी माझा आवाज हे घर सोडून जाईल."

त्याचा आवाज होता पहिल्या साळुंकीत. दिवेलागण झाली की ती त्याच्या बायकोला विचारी, "चंपे, जेवलीस का?"

चंपावती म्हणे, "जेवते हो." आणि मगच पान वाढून घेई.

यंत्रशाळा आता तिच्या हाती होती आणि शिस्त विरोचनाच्या वेळची. पंख करणाऱ्याने गळा पाहू नये, गळा करणाऱ्याने पंख. दोघांच्या घरांत सोयरीकसुद्धा होत नसे. न जाणो, जेवता जेवता कुणी बोलून गेलं तर! संध्याकाळी घरी निघताना प्रत्येकाची दाढी विंचरून घेत, भुशाचा कण बाहेर जाऊ नये म्हणून. कुणाला वेशीपाशी शिंक आली, तर ती परत आत येऊन द्यावी लागे. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. खोटं बोलून मला काय मिळायचंय?

पण पुढे साळुंक्यांचे गळे बसू लागले. डोंगरावरच्या थंडीने ते फुटले, समुद्राकाठच्या खाऱ्या वाऱ्याने आतल्या तारा गंजल्या. आणि एके संध्याकाळी पहिली साळुंकी म्हणाली, "चंपे, जे..." आणि थांबली. चंपावती त्या दिवशी जेवली नाही.

राजा सुकेतूने तिला बोलावलं. "चंपावतीबाई, गावं एकमेकांना मुकी झाली. उपाय?"

"शाळेत कुणाला ठाऊक नाही, महाराज."

"मग शाळेबाहेर विचारा."

ती पहिली साळुंकी पदराखाली घेऊन चंपावती निघाली. आधी गेली डोंगरावर, काळोजी धनगराकडे. त्याचा पावा बर्फातही फुटत नसे.

"पोट दावा, म्हंजी सांगतो," काळोजी म्हणाला.

"ते दाखवता येत नाही."

"वैदाकडं यायचं आन् दुखणं झाकायचं? बरं, ताक तरी पिऊन जा."

ताक पिऊन ती उतरली. साळुंकी आता नुसतं "चंपे" म्हणे.

मग ती समुद्राकाठी हिराय कोळणीकडे गेली. तिच्या होडीचा खिळा कधी गंजला नव्हता. तिनेही पोट पाहायला मागितलं, चंपावतीने पदर घट्ट केला.

हिराय हसली. "मासली वाऱ्यावर टाकली तर वरीसभर टिकते गो बाय. मडक्यात कोंबलीस, तर घर तुलाच सोडावं लागंल."

शेवटी ती गेली रुक्मांगदाकडे. तो लाखेच्या बांगड्या करी. त्याने साळुंकी कानाला लावली आणि बराच वेळ ऐकत राहिला.

"बाई, जादूचं लाकूड आहे, आतून वाढतंय. लहानपणची बांगडी मोठेपणी हातात ठेवली तर हात सुजणारच. उतरवा ती."

"उतरवली तर ते जातील."

"आणि नाही उतरवली तर?"

साळुंकी म्हणाली, "चं..." आणि तिने डोळे मिटले.

चंपावतीने तिघांना यंत्रशाळेत बोलावलं, दारं सताड उघडली, कारागीर भोवती बसवले आणि आपल्या हाताने, आपल्या चुलीच्या आचेवर, लाख वितळवली.

पोट उघडलं. पंख करणारा ओरडला, "अरे, हा तुझा गळा? माझ्या पंखाची काडी त्यावरच घासतेय की!"

"मग इतकी वर्षं सांगितलं नाहीस?"

"दिसला कुठे तुझा गळा मला!"

काडी सरकवली. काळोजीने गळ्याला लोकर गुंडाळली, हिरायने तारांना माशाचं तेल चोळलं. साळुंकीने डोळे उघडले, चंपावतीकडे पाहिलं आणि विरोचनाच्या आवाजात स्वच्छ म्हणाली, "येतो हं, चंपे."

भुर्रकन उडून गेली ती गेलीच. शाप खरा ठरला. संध्याकाळी घरात कुणी काही विचारलं नाही. चंपावतीने पान घेतलं आणि तसंच बाजूला सारलं.

पण दारं तिने परत लावली नाहीत. गावोगावचे सुतार, लोहार येऊ लागले, पोटं उघडून पाहू लागले, शिकून घरी जाऊन साळुंक्या करू लागले. यंत्रशाळेत इतकी गर्दी, की दाढ्या विंचरणारेही रंधा धरू लागले.

एका संध्याकाळी लोकरीच्या गळ्याची साळुंकी खिडकीत उतरली. काळोजीच्या वाडीवर घडलेली. निरोप सांगण्याआधी तिने मान वाकडी केली आणि विचारलं, "चंपे, जेवलीस का?"

चंपावतीच्या हातातला गडू खाली पडला.

मागोमाग समुद्राकाठची आली. तिला मासळीचा वास, पण आवाज तोच. कुणाच्याही हातून घडो, प्रत्येक साळुंकी पहिला शब्द तोच बोले. विरोचनाने घर सोडलं होतं. राज्य सोडलं नव्हतं.

"जेवते हो," चंपावती म्हणाली. "किती जणांना सांगू आता?" आणि डोळे पुसत तिने पान वाढून घेतलं.

गावं पुन्हा बोलू लागली, लेकींचं हसू माहेरी पोचू लागलं. तुमच्या खिडकीत अशी साळुंकी आली, तर आधी तिला जेवल्याचं सांगा. त्याशिवाय ती पुढचा निरोप देत नाही. आणि खोटं सांगितलं तर तिला कळतं. मला अनुभव आहे.