येसबाने रचलेला बुवा

एका दरीच्या काठावर एक गाव होते आणि त्या गावात येसबा नावाचा एक दोर वळणारा राहत असे. त्याचे घर गावाच्या अगदी टोकाला होते. त्यापुढे नुसता कडा. बायको कधीच वारली होती, मूलबाळ नव्हते. लोक दोर न्यायला येत आणि दोर घेऊन जात. त्याच्या ओट्यावर कुणी बसत नसे. संध्याकाळी चूल पेटवायची, भाकरी खायची आणि भिंतीशी बोलायचे, एवढाच त्याचा संसार. भिंत सगळे ऐकून घेते, पण 'हं' म्हणत नाही. येसबाला त्या एका 'हं'ची फार भूक होती.

दरीपलीकडे दुसरे गाव होते. इथून हाक मारली तर तिथे ऐकू जाई. पण जायचे तर सगळा उतार उतरून, नदी ओलांडून, पुन्हा चढ चढावा लागे. सकाळी निघालेला माणूस दुपार कलल्यावर पोचायचा. पावसाळ्यात नदी भरली की तीही वाट बंद. येसबा कड्यावर एकटाच बसून समोर बघत राहायचा. बघता बघता एक दिवस त्याला सुचले. त्याने घायपाताच्या वाखाचा, म्हणजे पानांतल्या धाग्यांचा, मनगटाएवढा जाड दोर वळला, दोन्ही काठांवर खांब रोवले, दोर त्यांना ताणून बांधला आणि त्यावर लाकडी कडीने एक पाळणा टांगला. दोर पलीकडे कसा नेला, ते सांगत बसलो तर गोष्ट बाजूलाच राहील. पाळण्यात बसायचे आणि बारीक दोरी ओढत पलीकडे जायचे. आधी त्याने पाळण्यात धोंडे पाठवले, मग आपली शेळी पाठवली, मग स्वतः गेला आणि परत आला.

पण त्या गावाचा एक रिवाज होता. नवी वस्तू वापरायची तर ती कुणी शिकवली ते आधी विचारायचे आणि त्या गुरूच्या नावाने नारळ फोडायचा. ज्याला गुरू नाही, त्याच्या हातचे नवे काही घ्यायचे नाही. पूर्वी कुणा उपटसुंभाच्या औषधाने चार माणसे दगावली, तेव्हापासूनचा हा रिवाज. कारण शहाणपणाचे होते, पण जगातल्या पहिल्या गुरूला कुणी शिकवले, एवढे विचारायचे मात्र राहून गेले होते.

पाटलांनी विचारले, "येसबा, कुणी शिकवलं हे?"

"कुणी नाही, पाटील. माझं मलाच सुचलं."

"तुला?" पाटील म्हणाले. लोक हसले आणि पांगू लागले.

इतकी माणसे येसबाच्या दारात कधी आली नव्हती, आणि आता ती चालली होती. तो मागून म्हणाला, "थांबा, पाटील. शिकवलंय. पलीकडच्या डोंगरात एक बुवा राहतात. पैलाडबुवा म्हणतात त्यांना."

लोक मागे फिरले. पैलाडबुवाच्या नावाने नारळ फुटला आणि पाळणा सुरू झाला.

अशा रीतीने येसबाने दोन नव्या गोष्टी काढल्या, एक हाताने आणि एक तोंडाने. हाताने काढलेल्या गोष्टीला हिवाळा आणि उन्हाळा लागला. तोंडाने काढलेलीला एक श्वास पुरला.

मान मात्र दुसरीलाच मिळाला. लोक पाळण्यातून जाताना बुवाला हात जोडत. संध्याकाळी येसबाच्या ओट्यावर माणसे जमू लागली. "बुवा दिसतात कसे? खातात काय?" असे विचारू लागली. येसबा सांगे, बुवा नाचणीची पेज पितात, बुवांच्या दाढीत चिमणीने घरटे केले होते. लोक 'हं, हं' करत. येसबाला वाटे, हे सुख संपू नये. लोक आपल्यासाठी येत नाहीत, बुवासाठी येतात, हे त्याला कळत होते. पण उपाशी माणूस ताट कुणाच्या नावाने वाढले आहे ते विचारत नाही.

मग एक दिवस पाळण्यातून एक दाढीवाला उतरला. खांद्यावर कांबळे, हातात चिमटा. पाटलांच्या समोर उभा राहून तो म्हणाला, "मी पैलाडबुवा. माझा शिष्य येसबा कुठे आहे?"

सगळे गाव येसबाकडे बघू लागले. या माणसाने बाजारात बुवाच्या गोष्टी ऐकल्या असणार, हे येसबाने ओळखले. पण त्याला खोटा म्हणायचे, तर आधी स्वतःला खोटे म्हणावे लागणार होते. तो पुढे झाला आणि त्या भोंदूच्या पाया पडला.

त्या दिवसापासून येसबाचा ओटा बुवाचा झाला. लोक बुवाभोवती बसत. येसबा दाराबाहेर उभा राहून त्याच्यासाठी पेज ढवळत असे. आपणच रचलेल्या माणसाने आपल्यालाच घराबाहेर काढले, हे सांगायचे तरी कुणाला? आता भिंतसुद्धा त्याच्या वाट्याला उरली नाही.

पुढचा पावसाळा तोंडावर आला. येसबाने दोर तपासला. वरून तो ठीक दिसत होता, पण पीळ उकलून पाहिल्यावर आतला वाख कुजलेला निघाला. दोर बदलायला हवा होता आणि तोवर पाळणा बंद ठेवायला हवा होता. दुसऱ्याच दिवशी पलीकडच्या गावाहून नवरी आणि वऱ्हाड पाळण्यातून येणार होते. येसबा पाळणा बंद करणार, हे बुवाला कळले. वऱ्हाड आले की खांबाशी दक्षिणा पडणार, हे त्याने आधीच हेरले होते.

तो म्हणाला, "दोराला मी भस्म लावलंय. शंभर वर्षं तुटायचा नाही. बदलायचं नाव काढू नका."

येसबा रात्रभर तळमळला. एका पारड्यात वऱ्हाडाचे जीव होते. दुसऱ्यात काय होते? दारात उभे राहून कानावर पडणारे चार शब्द. तेवढेही सोडवेनात, इतका तो एकटा होता. पण सकाळी उठून तो चावडीवर गेला.

"पाटील, हा बुवा खोटा आहे."

"कशावरून?"

"खरा बुवा नाहीच. कधी नव्हता. मीच रचला."

बुवाही तिथेच बसला होता. तो शांतपणे म्हणाला, "गुरूचं नाव झालं की शिष्याच्या पोटात दुखतं. राग धरू नका बिचाऱ्यावर."

लोकांनी माना डोलावल्या. येसबाचे खोटे त्यांनी एका दमात गिळले होते, पण त्याचे खरे काही केल्या कुणाच्या घशाखाली उतरेना. पलीकडच्या काठावर सनई वाजू लागली. येसबा कोयता घेऊन कड्यावर धावला आणि कुणी अडवायच्या आत त्याने दोर तोडला. रिकामा पाळणा दरीत गेला.

नवरी आणि वऱ्हाड नदीच्या वाटेने अंधार पडताना पोचले. मुहूर्त टळला होता. गावाने येसबाला वाळीत टाकले. मग पाटलांनी बुवाला हात जोडून विनंती केली, "महाराज, विद्या तुमचीच. आता तुम्हीच नवा दोर बांधून द्या."

"उद्या बांधू," बुवा म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो गावात नव्हता.

तेव्हा लोकांना काय ते समजले. पण समजले म्हणून कुणी येसबाकडे आले नाही. काहींना त्याचा राग होता आणि काहींना स्वतःची लाज वाटत होती. दोन्हीचा परिणाम एकच, ओटा ओस पडला. येसबाने एकट्याने वाख भिजवला, झोडपला, वळला. एकट्याने दोर बांधला, नवा पाळणा टांगला, त्यात धोंडे पाठवून पाहिले. पाळण्यात बसायला मात्र कुणी येईना. या वस्तूला आता गुरूच नव्हता.

पाऊस लागला, नदी भरली. एका दुपारी पलीकडून हाका आल्या. तिथली एक लेक बाळंतपणात अडली होती, इकडची सुईण राहीबाई हवी होती. राहीबाई कड्यावर आली आणि तिने दोराला हात लावून पाहिला.

"कुणी वळला?"

"मी," येसबा म्हणाला.

ती पाळण्यात बसली. येसबाने दोरी ओढली.

राहीबाई परतली तेव्हा संध्याकाळ झाली होती. बाळ-बाळंतीण सुखरूप होती. पाय दुखत होते म्हणून ती येसबाच्या ओट्यावर टेकली. आता हिला काय सांगावे, हे येसबाला सुचेना. बुवा नव्हता, चिमणीचे घरटे नव्हते. त्याने पाण्याचा तांब्या तिच्यापुढे ठेवला.

राहीबाई म्हणाली, "बुवाच्या गोष्टी ऐकायला मीही यायची. बायको गेल्यावर तुझं कसं चाललंय, ते विचारायचं राहूनच गेलं बघ."

येसबा सांगू लागला. राहीबाई 'हं' म्हणाली.

तात्पर्य: हाताने घडवलेली वस्तू घडवणाऱ्याची राहते, तोंडाने रचलेल्या खोट्यावर मात्र जो येईल तो हक्क सांगतो, आणि खोट्याने जमवलेली गर्दी खोट्याचीच सोबत करते, आपली नाही.