दरीवरचा थोरला दोर

माणसांनी घाटात रस्ते काढले, त्याच्याही आधी एका खोल दरीवर वेलींचा झुलता पूल होता. अलीकडे जंगल, पलीकडे पाणी. पुलाचा सारा भार थोरल्या दोरावर असे. तो आता पार थकला होता. त्याचे पीळ उसवत चालले होते आणि वर्दळ मात्र वाढतच होती.

तांबी नावाची वानरीण पूल दुरुस्त करायला आली. "बाबा, तुमच्या शेजारी नवा दोर ताणते. तोवर धराल ना?"

"धरीन. पण अख्खा कळप अंगावर आला, तर सांगवत नाही."

तांबीने गव्यांच्या म्होरक्याला विनवलं, "एकेकाने जा."

"वासरं तहानलीत. आम्ही थांबणार नाही," असं म्हणत त्याने कळपासकट पुलावर पाय टाकला.

तटकन एक पीळ तुटला. पूल कलला. म्होरक्या थिजला. खुरांखाली दोर थरथरत होता. त्याने कळपाला हळूहळू मागे घेतलं.

"फार दुखतंय का?" त्याने विचारलं.

हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. "दुखतं रे," दोर म्हणाला.

मग काम संपेपर्यंत म्होरक्या पुलाच्या तोंडाशी आडवा उभा राहिला. एकेकालाच सोडायचा आणि स्वतः सगळ्यांच्या शेवटी पाण्यावर जायचा.

"बाबा, आता सोडा," एके दिवशी तांबी म्हणाली. "नव्या दोराने भार घेतलाय."

दोराला ते पटकन जमेना. ताणून राहायची सवयच झाली होती. मग एकेक पीळ सावकाश सैल झाला.