देवळातली भांडी

आंबेरी गावाची लग्नकार्याची तांब्याची भांडी देवळात विनाकुलूप असत. ज्याच्या घरी कार्य, त्याने ती न्यावीत आणि घासून परत ठेवावीत.

रावजीशेटांनी राजेसाहेबांपुढे आग्रह धरला, "माणूस जात्याच स्वार्थी! भांडी एक दिवस चोरीला जातील. माझ्या कोठीत ठेवा, मी भाड्याने देईन."

हे ऐकून सत्यभामाकाकू पुढे आल्या. लेकीचे लग्न आठवड्यावर आले होते आणि भाड्यापुरतेही पैसे जवळ नव्हते. त्या नम्रपणे म्हणाल्या, "शेटजी, आपणही माणूसच ना? मग स्वार्थी माणसाच्या हाती भांडी कशी सोपवावीत? आणि आपण एकटेच निःस्वार्थी असाल, तर भाडे कशाला?"

राजेसाहेब खळखळून हसले. भांडी देवळातच राहिली.

शेटजी ओशाळून म्हणाले, "काकू, लग्नाचे आमंत्रण तरी आहे ना?"

"आहे तर! हंडे उचलायला माणूस हवाच आहे."