येतो म्हणून गेलेला राजा

एका राज्यात निरोप घेताना ‘जातो’ म्हणायची चोरी होती. राजा मोहिमेवर निघो, लेक माहेराहून निघो, नाहीतर कोणी शेजारणीकडून विस्तव घेऊन निघो, तोंडातून शब्द यायचा तो ‘येतो’. ‘जातो’ म्हणायचे ते मरणाऱ्याने, अशी तिथली समजूत. हसू नका, तुम्हीही आज घरून निघताना तेच म्हणालात. पण आपला ‘येतो’ कोणी धरून बसत नाही. त्या राज्याच्या राजाचा मात्र धरला गेला.

राजाचे नाव अरिंजय. लढाईत धीट, बोलायला गोड आणि रानाचा भारी वेडा. त्याच्या राज्याच्या वरच्या अंगाला सावळी नदीचे खोरे होते, आणि त्या खोऱ्यात असे घनदाट रान की भर दुपारी माणसाला आपली सावली सापडू नये. पावसाळ्यात त्या नदीपुढे हत्ती टिकत नसे. उन्हाळ्यात ती उतरायची, आणि मग तिच्या उगमापाशी पाण्यातून एक काळा खडक वर यायचा. खडकावर घर, घरात जटामणी नावाचा जादूगार. वर्षाचे चार महिने तो पाण्याबाहेर राहायचा आणि आठ महिने घरादारासकट पाण्याखाली. पाण्याखालीही त्याची चूल विझत नसे.

हे नवल बघायला राजा एका उन्हाळ्यात धाकू नावाड्याला घेऊन गेला, आणि परत आला तो एकटा धाकू. त्याने दरबारात हात जोडून सांगितले, की महाराज जिवंत आहेत, पण त्यांना घेऊन होडी पहिल्या वळणाशी आली की आपसूक मागे फिरते आणि खडकाला जाऊन लागते. एकदा नाही, सात वेळा फिरली. शेवटी महाराजांनी मला एकट्याला पाठवले, मी कोणाचा निरोपही न घेता निघालो, तर तीच होडी सरळ आली. प्रधानाने हे सगळे शांतपणे ऐकले आणि धाकूनेच राजाला बुडवले असे ठरवून त्याला वल्ह्याला हात लावायची बंदी केली.

मग प्रधानाने दर उन्हाळ्यात शोधाला मोठमोठ्या नावा पाठवल्या. त्यांवर छत, छताखाली गाद्या, गाद्यांवर सरदार. उन्हाळ्याच्या नदीत असल्या नावा किती जाणार? पहिल्याच वाळूत रुतायच्या. सरदार काठावरचे आंबे खायचे आणि परत यायचे. अशी अकरा वर्षे गेली.

आता तिथला कायदा ऐका. बारा वर्षे माणूस दिसला नाही, की पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याचे दहन करायचे. क्रियाकर्म झाले की मग तो माणूस स्वतः चालत आला तरी त्याला वेशीच्या आत घ्यायचे नाही. ज्येष्ठाच्या पौर्णिमेला राजाची बारा वर्षे भरत होती. राणी कमळजेने वाड्याच्या मागे पळसाच्या पानांचे भारे येऊन पडलेले पाहिले, तशी ती उठली आणि पायी चालत धाकूच्या झोपडीशी गेली.

“धाकूबा, वाट आठवते?”

“वाट विसरलो असतो तर झोप लागली असती, राणीसरकार.”

“मग चला.”

धाकूने एकच अट घातली. आपल्या डोणीत नावाड्याशिवाय माणसे दोनच बसतात, आणि उन्हाळ्याच्या नदीत नावाडी ‘उतरा’ म्हणाला की बसलेल्याने उतरायचे, मग तो कोणी का असेना. राणीने अट मानली. अक्षय्यतृतीयेच्या सकाळी दोघांनी डोणी पाण्यात लोटली.

काय सांगू त्या नदीचे कौतुक! पाणी असे नितळ, की तळाच्या गोट्यांवरून फिरणारे मासे मोजून घ्यावेत. दोन्ही काठांना झाडे उभी, त्यांची डोकी वर कुठेतरी एकमेकांत मिसळलेली. पालखीच्या दांड्यासारख्या जाड वेली एका काठावरून दुसऱ्या काठावर गेलेल्या, आणि त्यांच्यावरून शेकरू खुशाल नदी ओलांडत होते. कुठे नागकेशराचा वास, कुठे पिकल्या रानफणसाचा. पाणमांजरांचे कुटुंब डोणीबरोबर अर्धा कोस पोहत आले आणि हद्द संपली तसे थांबले. राणी राजवाड्यात वाढलेली, पण त्या दिवशी तिला वाटले, की आपल्या नवऱ्याला या रानाचे वेड लागले यात त्याची काही चूक नाही.

पाचव्या दिवशी वाळू लागली. नदी नावाला उरली होती, घोट्याएवढी. धाकू म्हणाला, “उतरा.” राणी उतरली. पदर खोचला, खांदा डोणीला लावला आणि ढकलू लागली. नऊ कोस वाळू होती. तळवे पोळले, खांद्याची साल गेली, पण ती एकदाही परत आत बसू का असे म्हणाली नाही. ओलसर वाळूवर पिवळ्या फुलपाखरांचे थवे बसले होते, ते डोणी आली की उठत आणि गेली की पुन्हा बसत. अकरा वर्षे सरदारांना जे जमले नाही ते तिने चार दिवसांत केले, कारण ती खाली उतरली. एवढी साधी गोष्ट होती.

तेराव्या दिवशी एक महावृक्ष नदीवर आडवा कलंडलेला दिसला. मुळे अजून जमिनीत होती, पाने हिरवी होती, पण खालून डोणी जाईना. धाकूने कुऱ्हाड काढली. तेवढ्यात फांदीवरचा धनेश पक्षी बोलला. चोचीत उंबर होते, ते त्याने आधी नीट बाजूला ठेवले.

“या खोडाच्या ढोलीत माझी बायको आहे. अंडी घातली तेव्हा दार आतून लिंपून घेतले तिने. फटीतून मी चारा देतो. पिले मोठी झाल्याशिवाय ती बाहेर येणार नाही. घाव घातलास तर ढोली फुटेल.”

धाकूने राणीकडे पाहिले. झाड तोडायला अर्धा दिवस, वळसा घालून डोणी रानातून ओढायला तीन दिवस, आणि पौर्णिमा काही थांबणार नव्हती. राणी त्या लिंपलेल्या फटीकडे बघत राहिली. आत बसलेली तीही कोणाच्या तरी येण्यावर जगत होती. राणीने कुऱ्हाड खाली ठेवायला सांगितली. तीन दिवस दोघांनी वेताच्या जाळ्यांतून डोणी ओढली.

झाड मागे पडले, तसा धनेश उडत पुढे आला आणि म्हणाला, की बाई, तुझे उपकार फेडायला माझ्याकडे एकच गोष्ट आहे, ती घेऊन जा. “त्या खडकावर काय हवे ते बोल, पण मोघम बोलू नकोस.” आणि तो उंबर घेऊन बायकोकडे गेला.

एकविसाव्या दिवशी शेवटचे वळण पार झाले आणि काळा खडक दिसला. पायऱ्यांवर एक माणूस तांदूळ निवडत बसला होता. कानशिले पांढरी झाली होती, अंगावरच्या राजवस्त्राला वल्कलाची ठिगळे होती. त्याने मान वर केली आणि सूप हातातून सुटले. राणीला रडू कोसळले. बारा वर्षांचे होते, ते तिने दरबारात कोणाला दाखवले नव्हते, ते इथे मोकळे झाले. राजाही रडला. धाकू डोणी बांधायच्या निमित्ताने बराच वेळ पाठ करून वाकला होता.

जटामणी दारात आला. राणीला वाटले होते कोणी भयंकर असेल, पण हा तर वाकलेला म्हातारा होता. त्याने पाहुण्यांना पाय धुवायला पाणी दिले, बांबूच्या नळीत शिजवलेला भात वाढला आणि सांगितले, की तुझा नवरा मी बांधून ठेवलेला नाही. कधीही घेऊन जा, दार उघडे आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले. राजा डोणीत बसला, आणि उपचार म्हणून, सवयीने, म्हाताऱ्याकडे वळून म्हणाला, “बराय, येतो.” डोणी वळणापर्यंत नीट गेली, तिथे जागच्या जागी फिरली आणि खडकाला येऊन लागली. तिसऱ्या दिवशी कोणीच काही बोलले नाही. नुसता नमस्कार केला. डोणी तरीही फिरली, कारण दर उन्हाळ्यात म्हाताऱ्याच्या तराफ्यावरून निघताना म्हटलेले बारा वर्षांचे ‘येतो’ राजाच्या नावावर साचले होते.

आता राणीने म्हाताऱ्याला सरळच विचारले, की हा कसला मंत्र. जटामणीने सांगितले ते असे. राजाचा पणजोबा तरुणपणी इथे आला होता. तीन दिवस राहिला, पोटभर जेवला, गप्पा मारल्या. तोवर या खडकाला माणूस लागला नव्हता, म्हाताऱ्याला फार बरे वाटले. निघताना पणजोबा म्हणाला, येतो. जटामणीने ते खरे धरले. साठ उन्हाळे तो रोज दोन माणसांचा भात शिजवत राहिला.

“मग मला राग आला,” तो म्हणाला. “वळणावर मंत्र टाकला. इथून ‘येतो’ म्हणून जो निघेल, त्याने यायचे. रागाचा मंत्र, अर्धा माझ्यावर उलटला. तेव्हापासून दर पावसाळ्यात माझा खडक बुडतो.”

राणी हुशार. तिने राजाला बाजूला घेतले आणि सांगितले, की उपाय सोपा आहे. ‘जातो’ म्हणा. अशुभ तर अशुभ. मंत्राला धरायला शब्दच मिळणार नाही, आणि त्यापुढे मागचा साठाही पुसला जाईल.

“ते मला पहिल्याच वर्षी सुचले होते, कमळजे.”

“मग?”

“म्हातारा दारात उभा राहतो. बारा वर्षे त्याने मला रांधून घातले, तापात उशाशी बसला. त्याच्या तोंडावर ‘जातो’ कसे म्हणू? परत कधी येणार नाही, असे?”

राणीला राग आला, आणि आलाच पाहिजे होता. म्हाताऱ्याचे मन मोडवत नाही, आणि घरी बायकोने बारा वर्षे वाट पाहिलेली चालते? तिने तसे बोलूनही दाखवले, जरा ठसक्यात. राजाने खाली मान घातली. पण रागाच्या आतून तिला असेही वाटत होते, की याच माणसाशी आपण लग्न केले आणि तो बदललेला नाही. मग तिला धनेशाचा शब्द आठवला. मोघम बोलू नकोस. ‘येतो’ खोटा नव्हता, तो मोघम होता. या एकदा, येऊ कधीतरी, भेटू असेच. कधी? ते कोणी सांगायचे नाही, आणि सांगितले नाही म्हणजे मंत्राच्या लेखी ते आत्ताच. नेमका दिवस सांगितला, तर साचलेले सगळे ‘येतो’ त्या दिवसावर जातील.

चौथ्या दिवशी सकाळी राणी डोणीत बसायच्या आधी म्हाताऱ्यासमोर उभी राहिली. त्या राज्यात आजपर्यंत कोणी केले नव्हते ते तिने केले. निरोप घेताना दिवस सांगितला.

“आजोबा, पुढच्या चैत्री पौर्णिमेला आम्ही येतो. दुपारच्या जेवणाला. तिघे असू, आणि आठ दिवस राहू.”

जटामणी तिच्याकडे बघत राहिला. मग राजाने तेच शब्द म्हटले, तिथी चुकवली नाही. डोणी सुटली. वळण आले. धाकूने वल्हे वर उचलून श्वास रोखला. डोणी जराशी थांबली आणि वळणावरून पुढे गेली.

परतीची वाट सोपी नव्हती. पाणी आणखी उतरले होते, आणि आता धाकू ‘उतरा’ म्हणाला की राजा आणि राणी दोघेही उतरत. अठरा दिवसांनी ज्येष्ठी पौर्णिमेच्या सकाळी ते नदीच्या घाटाला लागले. घाटावर चिता रचलेली होती, तिच्यावर पळसाच्या पानांचा राजा निजलेला होता, आणि भटजी पळीत पाणी घेऊन बसले होते. खरा राजा त्यांच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, की माझ्याचसाठी चालले असेल तर राहू द्या. भटजींच्या हातची पळी पडली. प्रधानाने सगळ्या लोकांसमोर धाकूच्या हातात स्वतः वल्हे दिले आणि चुकलो म्हणाला. चितेचे लाकूड त्या दिवशी राजाच्या आंघोळीचे पाणी तापवायला वापरले.

वर्ष सरत आले. फाल्गुन लागला तसे दरबारी म्हणू लागले, की सुटून आलात तेच खूप, आता पुन्हा कशाला? मंत्र काही इथवर येऊन ओढणार नाही. ते खरेच होते. वळणावरचा मंत्र त्यांना मोकळे करून बसला होता, जायलाच हवे अशी सक्ती कोणाची नव्हती. राजा आणि राणी तरीही धाकूला घेऊन निघाले. नऊ कोस वाळू ढकलली, आडव्या झाडाला वळसा घातला, आणि पौर्णिमेच्या दुपारी, सूर्य थोडा कलल्यावर, खडकाशी पोहोचले.

जटामणी सगळ्यात खालच्या पायरीवर बसला होता, पाय पाण्यात सोडून. कधीपासून ते त्याने सांगितले नाही.

“मी ओढले नाही तुम्हाला,” तो म्हणाला.

“माहीत आहे आजोबा,” राणी म्हणाली. “म्हणून तर उशीर झाला.”

म्हातारा उठला आणि घाईघाईने आत गेला. बराच वेळ आतून भांड्यांचा आवाज येत होता.

त्या पावसाळ्यात सावळी दोन्ही काठ भरून वाहिली, पण खडक बुडाला नाही. पुढेही कधी बुडाला नाही. जटामणीला बारा महिने कोरडी ओसरी मिळाली, राजाला त्याचे राज्य, राणीला तिचा राजा. त्यांचे पाहुणे जसे सांगितल्या दिवशी आले, तसे तुमचेही येवोत, आणि तुमची कोणी वाट बघत असेल तर त्याला आजच तिथी कळवा.