कामठ्याला ऊब देणारा वेस्ता

फार मागची गोष्ट. सातपुड्यात झरकी नदीच्या काठी एक पाडा होता, तिथं वेस्ता नावाचा भिल्ल धनुष्यं करायचा. धनुष्याला तिकडं कामठा म्हणतात. वेस्ताच्या कामठ्याचा बाण इतरांच्या दुप्पट लांब जायचा. कारण तो मेलेल्या बैलाच्या पायाच्या शिरा कुटून त्यांचे तंतू काढायचा आणि चामडं उकळून केलेल्या सरसात भिजवून कामठ्याच्या पाठीवर एकेक चिकटवायचा. मग कामठा सावलीत दोन महिने वाळायचा. तोवर त्याला कुणी दोरी लावायची नाही.

एका वर्षी पाऊस सरला तरी आभाळ उघडलं नाही. पाड्यातली चाळीस माणसं गुरं घेऊन पलीकडच्या माळावर गेली होती, त्यांत वेस्ताची बायको केसलीही होती. एका दुपारी झरकी फुगली ती उतरेचना. माळाच्या मागं सरळ कडा, पुढं पाणी. धान्य सगळं अलीकडं.

बाणाला अंबाडीचा दोरा बांधून पलीकडं टाकायचा, दोऱ्यामागून दोर ओढायचा, असं ठरलं. पण घरोघरचे कामठे आणून पाहिले, एकाचाही बाण मधल्या धारेपलीकडं गेला नाही. वेस्ताकडं दोन नवे कामठे होते, दोन्ही ओले.

"जाळावर धर," पाड्याचा मुखिया खेमा नाईक म्हणाला.

"वरून वाळेल, नाईक. आत ओलाच राहील."

"पलीकडं माणसं कंद उकरून खातायत, वेस्ता."

वेस्तानं एक कामठा जाळावर धरला. दोरी ओढताच शिरा तडकून सुटल्या आणि लाकूड मधोमध मोडलं. मग वेस्तानं अंगरखा काढला, दुसरा कामठा आपल्या उघड्या पाठीला बांधून घेतला आणि वरून घोंगडी पांघरली.

असं म्हणतात, की बारा दिवस तो आडवा झाला नाही. खांबाला खांदा टेकून उभ्यानंच डोळा मिटायचा. रोज सकाळी काठावर जाऊन केसलीच्या चुलीचा धूर बघायचा. धूर दिवसेंदिवस बारीक होत गेला. अकराव्या दिवशी दिसलाच नाही.

बाराव्या दिवशी त्यानं पाठीवरच्या कामठ्यावर नख वाजवून घेतलं. शिंगावर वाजावं तसा टणक आवाज आला. कामठा सोडवताना पाठीची कातडीही निघाली, असं म्हणतात. त्यानं दोरी लावली आणि बाण सोडला. बाण नदी ओलांडून माळावरच्या मोहाच्या झाडात रुतला. मोहाखाली केसली बसली होती. तिनं दोरा ओढायला घेतला.

आधी धान्याच्या पाट्या गेल्या. मग दोराला धरून माणसं आली. चाळीस गेली होती, चाळीस आली.

केसलीनं वेस्ताचा हात धरला आणि म्हणाली, "किती गार पडलास तू."

"कामठा वाळला," वेस्ता म्हणाला.

त्याच्या अंगातली सगळी ऊब कामठ्यात गेली होती, असं म्हणतात. पुढं तो पुष्कळ वर्षं जगला, पण भर वैशाखातही चुलीपाशी बसायचा आणि घोंगडी सोडायचा नाही.

आजही त्या पाड्यात नवा कामठा जाळावर वाळवत नाहीत. घरातला प्रत्येक माणूस तो एकेक दिवस पाठीला बांधतो. आणि वैशाखात, दगडावर पाय ठेववत नाही अशा उन्हात, बाया नदीकाठी जाऊन वेस्ताच्या नावानं उभ्या केलेल्या शिळेवर घोंगडी घालून येतात.