बाबांच्या हातचा खुंट

"अजून किती आवळणार आहेस गो?"

नारबा मेस्त्रींनी विचारले. लाकूड घट्ट धरणाऱ्या चकाच्या किल्लीवर उज्ज्वलाने अंगाचा सगळा भार टाकला.

लेथवर फणसाच्या लाकडाचा वाडगा होता. तिच्या वडिलांनी तो ओल्या लाकडातून नुसता ढोबळ कातून माळ्यावर वाळत ठेवला होता. वाडगा वाळला, तोवर वडील राहिले नाहीत. त्यांच्या हातचे अर्धवट असे तेवढेच मागे उरले होते. ते आपणच पुरे करायचे, असे तिने ठरवले होते.

वडिलांना हे काम शिकवले ते नारबा मेस्त्रींनी. म्हणून ती त्यांच्या दुकानात आली. मात्र आल्या आल्या तिने सांगून टाकले, की मला शिकवू नका, फक्त लेथ वापरू द्या. मेस्त्री हसले. बापही पहिल्या दिवशी असाच बोलला होता, म्हणाले.

तिने लेथ सुरू केला. पटाशी टेकताच वाडगा थरथरला, चकातून सुटला आणि भिंतीवर आपटला.

मेस्त्रींनी तो उचलला. काठाला खोक पडली होती. आणखी एकदा आपटला तर फुटेल, एवढेच ते म्हणाले.

चकाच्या जबड्यांत धरता यावा म्हणून वाडग्याच्या बुडाशी वडिलांनी गोल खुंट ठेवला होता. मेस्त्रींनी तिला त्यावरून बोट फिरवायला लावले. लाकूड वाळताना एका अंगाने जास्त आकसले होते. गोल खुंट लांबट झाला होता. जबडे दोनच ठिकाणी टेकत होते आणि तिथे लाकूड चेचले होते.

"कापून पुन्हा गोल कर."

"नाही. तो बाबांनी केलाय."

"म्हणून?"

"बाबांनी केलेला खुंट कधी सुटला नाही, काका. मी आणखी आवळते."

मेस्त्रींनी किल्ली उचलली आणि स्वतःच्या खिशात टाकली.

...

मग त्यांनी वाडग्याचा काठ तिच्या चिमटीत दिला. "भिंत एवढी जाड का ठेवली त्यानं?"

एवढे मलाही कळते, असे ती तुटकपणे म्हणाली. वाळताना लाकूड वाकडे होते. नंतर कापायला अंगात लाकूड लागते.

"नंतर कुणी कापायला?"

तिने वाडगा उलटा केला. खुंटही बाबांनी तसाच जाड ठेवला होता.

...

बऱ्याच वेळाने तिने चक काढून त्याच्या जागी एक लाकडी तबकडी बसवली. खुंट मोकळा राहावा म्हणून वाडग्याचे तोंड तिला टेकवले आणि बुडावर मागून लेथच्या दुसऱ्या बाजूच्या अणकुचीदार टोकाचा दाब दिला. खुंटाच्या मधोमध वडिलांनी केलेली बारीकशी खोबण अजून होती. टोक नेमके तिच्यात बसले.

पटाशी आधी फक्त उंचवट्यांना लागत होती. टक, टक, टक... मग आवाज सलग झाला.

खुंट गोल झाला. तिने चक पुन्हा लावला, तेव्हा मेस्त्रींनी किल्ली परत दिली. या वेळी जबडे खुंटाला चहूबाजूंनी टेकले. तिने नुसत्या मनगटाने किल्ली फिरवली आणि वाडगा हलवून पाहिला. हलला नाही.

तरी तिने लेथ सुरू केला नाही. खाली बसून खुंटाची सालपे वेचली आणि ती ओढणीच्या टोकात बांधू लागली.

"राहू देत, बाय," मेस्त्री म्हणाले. "अजून पुष्कळ पडायची आहेत."